शून्याने भागण्याचा नियम

एकदा एकाच प्रश्नाचं उत्तर एका खोलीत अर्ध्या सेकंदात आलं आणि शेजारच्या खोलीत त्याच उत्तराला चाळीस सेकंद लागले. प्रश्न अक्षरशः तोच होता, उत्तर तेच होतं, आणि ज्याला विचारलं तो सर्व्हरही एकच होता. तेव्हा फरक असणार तो विचारणाऱ्या माणसांत, असं एका हुशार मुलीला वाटलं. तिच्या त्या वाटण्यापायी एका बाईची बावीस वर्षांची खुर्ची जायची वेळ आली.

ही गोष्ट कृष्णाकाठच्या एका रक्तपेढीतली. रक्तपेढी एका विश्वस्त संस्थेची, आणि आसपासच्या तालुक्यांत तिची अकरा केंद्रं. कुठल्या केंद्रात कुठल्या रक्तगटाच्या किती पिशव्या आहेत, कुठलीची मुदत कधी संपते, कुठली कोणासाठी राखून ठेवली आहे, ही सगळी माहिती एका सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये साठवलेली असे. बारा वर्षांतल्या चार लाख पिशव्यांची नोंद त्यात होती.

दर्शनी खिडकीवर कुंदाताई माळी बसत. त्या संस्थेतल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येत, कुंदाताई पडद्यावर रक्तगट निवडून ‘शोधा’ हे बटण दाबत आणि पिशवी कुठे मिळेल ते सांगत. पूर्वी हे काम चुटकीसरशी होई. अलीकडे मात्र बटण दाबलं की पडद्यावरचं चक्र गरगरत राही. चाळीस सेकंद म्हणजे काही फार नव्हे, असं घरात बसून वाटतं. ज्याची बायको बाळंतपणाच्या टेबलावर आहे, त्याने खिडकीच्या काचेला हात टेकून ते मोजले म्हणजे ते किती असतात हे कळतं. त्यात एका रुग्णासाठी तीन-तीनदा शोधावं लागे. रांग वाढे, आवाज चढत. एके दिवशी कुणीतरी संतापून काचेवर मूठ मारली, काच तडकली, आणि प्रकरण लेखी तक्रारीपर्यंत गेलं. कार्यवाहांनी चौकशी भार्गवीकडे सोपवली.

भार्गवी शेटे ही संस्थेचा डेटाबेस सांभाळणारी. येऊन पाच महिने झाले होते. कामात चोख, बोलण्यात तुटक, आणि आपण चोख आहोत याची तिला पुरेपूर जाणीव होती. तिने चौकशी अगदी शास्त्रशुद्ध केली. खिडकीवरच्या प्रोग्रॅममधून डेटाबेसला जो प्रश्न विचारला जातो, ज्याला या धंद्यात क्वेरी म्हणतात, तो तिने जसाच्या तसा उचलला आणि आपल्या खोलीतल्या संगणकावरून विचारून पाहिला. उत्तर अर्ध्या सेकंदात आलं. तिने दहादा विचारलं, दहाही वेळा अर्धा सेकंद. कदाचित खिडकीपर्यंतची वायर खराब असेल, म्हणून ती लॅपटॉप घेऊन कुंदाताईंच्या टेबलापाशी गेली, त्यांचीच वायर आपल्या लॅपटॉपला लावली आणि पुन्हा विचारलं. अर्धा सेकंद.

“माझ्याकडे तर चालतंय,” ती म्हणाली. संगणकाच्या क्षेत्रातली माणसं दिवसातून जितक्यांदा चहा पितात त्याहून अधिक वेळा हे वाक्य उच्चारतात, आणि प्रत्येक वेळी ते खरंच असतं.

आता खिडकीवरचा प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहिला असता तर प्रश्न मिटला असता. पण तो कुंदाताईंच्या अंगठ्याशिवाय उघडत नसे, कारण रक्त देण्याची जबाबदारी तंत्रज्ञाची, असा संस्थेचा नियम होता. म्हणून भार्गवी त्यांच्या मागे दहा मिनिटं उभी राहिली आणि तिने निरीक्षण केलं. कुंदाताईंनी बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. त्यांनी पुन्हा दाबलं, मग पुन्हा, मग चारदा. तेवढ्यात त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि सरळ एका केंद्राला विचारलं, “ओ पॉझिटिव्हच्या दोन आहेत का हो तुमच्याकडं? ठेवा बाजूला.” पडद्यावर उत्तर आलं तेव्हा त्यांचं काम होऊन गेलेलं होतं.

भार्गवीने वहीत दोन ओळी लिहिल्या. एक, बटण वारंवार दाबल्यामुळे सर्व्हरवर भार येतो. दोन, संबंधित कर्मचारी संगणकाऐवजी दूरध्वनी वापरणं पसंत करतात. या दोन ओळींचा तीन पानी अहवाल व्हायला तिला एक संध्याकाळ पुरली. अहवालाच्या शेवटी शिफारस होती: खिडकीवर संगणकाची सवय असलेली व्यक्ती नेमावी आणि कुंदा माळी यांना रक्तदान शिबिरांच्या गाडीवर पाठवावं. गाडीवर म्हणजे सकाळी सहाला निघायचं, खेडोपाडी दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी परतायचं. कुंदाताईंचं वय चौपन्न होतं आणि उजवा गुडघा त्यांना जिना चढू देत नव्हता. हे भार्गवीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण अहवालात गुडघ्याचा रकाना नसतो.

शुक्रवारी दुपारी चार वाजता कार्यकारिणीची बैठक होती. अहवालावर तांत्रिक सल्लागार म्हणून तात्यांची सही लागणार होती.

तात्या हेर्लेकर एका सरकारी खात्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. वय बहात्तर. मंगळवारी आणि शुक्रवारी ते रक्तपेढीत येत, भार्गवीच्या शेजारी बसत, भडंगाचा डबा उघडत आणि ती काय करते ते पाहत. मानधन घेत नसत, सल्लाही सहसा देत नसत. इथल्या कामातलं आपल्याला जे येतं ते सारं ह्या माणसाच्या शेजारी बसून आलेलं आहे, हे भार्गवी मनातून जाणून होती, म्हणून त्यांच्या सहीची तिला मातब्बरी वाटे.

तात्यांनी तीनही पानं सावकाश वाचली. सोबत जोडलेली पडद्याची दहा चित्रं पाहिली. दहाही चित्रांत वेळ अर्धा सेकंद दिसत होता.

“मेहनत घेतलीस,” ते म्हणाले. “सही करतो की. पण आधी एक काम कर. तुझं हे यंत्र कुंदाताईंच्या यंत्राइतकं मंद करून दाखव.”

भार्गवीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “तात्या, मंद आहे ते वेगवान करायचंय आपल्याला.”

“ते मागाहून बघू. आधी वेगवान आहे ते मंद कर.”

“कशासाठी?”

“अगं, जे दुखणं तुला आणता येत नाही, त्यावर औषध काय देणार तू? कर की.”

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. भार्गवीच्या कपाळाला आठी पडली. म्हाताऱ्या माणसांना वेळ जात नाही म्हणून ती दुसऱ्यांचा घालवतात, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिची तिलाच त्याची लाज वाटली. पण करायचं काय? चालत्या यंत्राची खोड काढायची कशी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने पाच-सहा प्रोग्रॅम एकदम उघडून ठेवले आणि प्रश्न विचारला. अर्धा सेकंद. तिने ‘शोधा’चं बटण दाबावं तसं एकामागून एक सहा वेळा विचारून पाहिलं, अगदी कुंदाताईंसारखं. सहाही उत्तरं मिळून तीन सेकंद झाले.

“म्हणजे बटण पुन्हापुन्हा दाबल्याने मंद होतं हे खोटं,” तात्या म्हणाले आणि त्यांनी भडंगाचा डबा तिच्याकडे सरकवला. अहवालातलं पहिलं कलम तिथेच गळालं.

“आता असं बघ,” ते पुढे म्हणाले. “कुंदाताईंचा प्रोग्रॅम सर्व्हरशी बोलायला जातो तेव्हा कुठली सेटिंग घेऊन जातो? आणि तू जातेस तेव्हा कुठली घेऊन जातेस?”

“एकच असणार. सर्व्हर एकच आहे ना.”

“असणार?”

तिने सर्व्हरकडूनच दोन्ही याद्या मागवल्या आणि पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. तारीख कशी लिहायची, भाषा कोणती, मोकळी जागा कशी समजायची, अशी बारा-तेरा सेटिंग होती. ती वरून खाली जुळवत गेली. सगळी जुळली. एक जुळलं नाही. हिशोब करताना शून्याने भागायची वेळ आली तर काम तिथल्या तिथे तोडायचं की नाही, या प्रश्नाला भार्गवीच्या बाजूला ‘हो’ होतं आणि खिडकीच्या बाजूला ‘नाही’.

ती हसली. “तात्या, हे काही नाही. खिडकीवर प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी ठेवलं तसं राहिलंय, आणि माझ्याकडे पहिल्यापासून ‘हो’ आहे. रक्ताच्या पिशव्या शोधताना आपण भागाकार कुठे करतो? ह्या प्रश्नात भागाकाराचं चिन्हसुद्धा नाही.”

“नाहीच आहे.”

“मग याचा काय संबंध?”

“काही नाही. तू आपलं तुझ्या बाजूला ‘नाही’ कर, आणि विचार बघू एकदा.”

तिने ‘नाही’ केलं आणि प्रश्न विचारला. चक्र फिरू लागलं. पाच सेकंद झाले, दहा झाले. पंधराव्या सेकंदाला तिचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि तिने ते पुन्हा दाबलं, मग आपण काय केलं हे लक्षात येऊन हात मागे घेतला. तात्यांनी ते पाहिलं. उत्तर आलं तेव्हा एक्केचाळीस सेकंद झाले होते.

तिने सेटिंग पुन्हा ‘हो’ केलं. अर्धा सेकंद. ‘नाही’ केलं. चाळीस. तिचे कान तापले. दहा चित्रांचा तो गठ्ठा टेबलावरून उचलून कुठेतरी लपवावा असं तिला झालं.

“हे कसं शक्य आहे?” तिने विचारलं, आणि ह्या खेपेला तिचा स्वर शिकणाऱ्या माणसाचा होता.

तात्या खुर्चीत थोडे सावरून बसले. “डेटाबेसला प्रश्न विचारला की तो लगेच शोधायला धावत नाही. आधी ठरवतो, शोधायचं कसं. गटाच्या यादीवरून एकेक पिशवीपाशी जाऊन बघायचं, का सगळं भांडार एका दमात चाळायचं? ह्या ठरवण्याला प्लॅन म्हणतात, तुला माहीतच आहे. ठरवायला कष्ट पडतात, म्हणून एकदा केलेला प्लॅन तो जपून ठेवतो. तोच प्रश्न पुन्हा आला की तयार प्लॅन काढायचा. पण काढण्याआधी तो दोन गोष्टी ताडून बघतो. प्रश्न तोच आहे का, आणि विचारणाऱ्याची सेटिंग तीच आहेत का. एक जरी सेटिंग वेगळं निघालं, तर दुसऱ्याचा प्लॅन तो ह्याला देत नाही. ह्याच्यासाठी वेगळा करतो आणि वेगळा ठेवतो. ते सेटिंग ह्या प्रश्नाला लागू पडतं का नाही, ह्या वादात तो शिरतच नाही.”

“म्हणजे कुंदाताईंचा प्लॅन वेगळा आणि माझा वेगळा.”

“प्रश्न एक, प्लॅन दोन. तू दहा वेळा तपासलास तो तुझा.”

खिडकीकडून कुणाचा तरी चढलेला आवाज आला आणि थांबला. भार्गवीने दाराकडे पाहिलं. आता तिला चार वाजण्याची धास्ती वाटू लागली होती, पण निराळ्या कारणाने.

“त्यांचा प्लॅन उघड,” तात्या म्हणाले. “तो कधी केलेला आहे आणि कुठल्या प्रश्नासाठी, हे त्याच्या पोटात लिहिलेलं असतं.”

तिने उघडला. तयार केल्याची वेळ होती मागच्या आठवड्यातला सोमवार, सकाळी सात वाजून बारा मिनिटं. आणि तो ज्या रक्तगटासाठी केला होता तो होता बॉम्बे ब्लड ग्रुप. हजारो माणसांत एखाद्याचा असतो तो. बारा वर्षांच्या चार लाख नोंदींत ह्या गटाच्या पिशव्या जेमतेम चाळीस होत्या. त्या चाळीस शोधायच्या तर यादीवरून एकेक पिशवीपाशी जाऊन तपासणं हाच शहाणपणाचा मार्ग, आणि डेटाबेसने तोच ठरवला होता. पुढे दिवसभर ओ पॉझिटिव्हचे प्रश्न आले. त्या गटाच्या नोंदी दीड लाख. प्रश्न तोच, फक्त गट निराळा. म्हणून डेटाबेसने तयार प्लॅन काढला आणि दीड लाख पिशव्यांपाशी एकेक करत निमूटपणे गेला. असं बारा दिवस चाललं होतं.

“किती मूर्ख प्लॅन,” भार्गवी पुटपुटली.

“मूर्ख नाही गं. त्या सोमवारी सकाळी सव्वासातला त्याच्याइतका शहाणा प्लॅन दुसरा नव्हता. कुणाला तरी ती पिशवी एका क्षणात मिळालीसुद्धा असेल.” तात्यांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं. “मला निराळंच कोडं पडलंय. ह्या प्रश्नाचा जुना प्लॅन असणार की. वर्षभर नीट चालला असणार. तो कुठं गेला? सोमवारी सकाळी ह्याला नव्यानं ठरवायची पाळी का आली?”

भार्गवी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. सोमवारच्या आदल्या दिवशी रविवार होता. रविवारी संस्थेला सुटी असताना ती मुद्दाम येऊन बसली होती. महिन्याचे अहवाल लवकर निघावेत म्हणून एका प्रश्नावर सर्व्हरच्या किती प्रोसेसरनी मिळून काम करावं, ते सेटिंग तिने बदललं होतं. दोन मिनिटांचं काम. तपासलं, अहवाल झपाट्याने निघाला, खूश होऊन ती घरी गेली होती.

“मी पुसला,” ती म्हणाली. “सर्व्हरचं ते सेटिंग बदललं की जपून ठेवलेले सगळेच प्लॅन तो टाकून देतो. मी वाचलेलं आहे हे. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं.”

“बरोबर लिहिलं असशील.”

चूक आपली होती, एवढंच असतं तर ती सोसायला अवघड नव्हतं. पण आपल्या चुकीचं खापर आपण दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायला निघालो होतो, तेही तीन पानी आणि पुराव्यासकट, हे तिला सहन होईना.

“तात्या, मी सगळे प्लॅन पुन्हा पुसून टाकते. आत्ता. सगळं नव्यानं होईल.”

“आणि उद्या पहिला प्रश्न पुन्हा बॉम्बे गटाचा आला तर?” त्यांनी तिचा हात थांबवला. “बाकीच्या प्लॅननी तुझं काय घोडं मारलंय? एवढा एकच काढ. आणि ह्या प्रश्नाला सांगून ठेव, की जुनं काही वापरायचं नाही, दर खेपेला गट बघून नव्यानं ठरवायचं. ठरवायला त्याला किती वेळ लागतो?”

तिने पाहिलं. “सेकंदाचा पन्नासावा भाग.”

“मग ठरवू दे की रोज. एवढा वेळ आहे त्याच्याकडं.”

तिने तसं केलं. खिडकीचं सेटिंग लावून, म्हणजे शून्याच्या नियमापुढे ‘नाही’ ठेवून, तिने ओ पॉझिटिव्ह विचारलं. उत्तर बटण सोडेपर्यंत आलं. बॉम्बे गट विचारला, तेही आलं. तीन वाजायला पाच मिनिटं होती. भार्गवीने अहवालाची तीन पानं दुमडून आपल्या पिशवीत घातली आणि कोरा कागद पुढे ओढला.

“एक सांगू?” तात्या उठता उठता म्हणाले. “ह्या यंत्राची एक गोष्ट मला फार आवडते. सेटिंग बदललं की ते एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी वापरत नाही. फरक बारीक असला, कामाचा नसला, तरी नाही वापरत. म्हणतं, ह्याची परिस्थिती वेगळी, ह्याच्यापुरतं पुन्हा ठरवू. आपल्याला एवढं जमत नाही. आता कुंदाताईंबद्दलचं तुझं मत घे. कुठल्या तारखेचं आहे ते?”

भार्गवीला ती तारीख आठवत होती. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी कुंदाताईंनी तिला विचारलं होतं, “संगणक बंद पडला तर म्हणून कागदी रजिस्टर ठेवलं तर चालेल का मॅडम?” आणि त्याच क्षणी भार्गवीने ठरवून टाकलं होतं, ही बाई संगणकाला भिते. पुढे पाच महिने जे काही दिसलं ते तिने त्या ठरवण्यातूनच पाहिलं. बटण दाबणं पाहिलं, फोन करणं पाहिलं. चक्र फिरतंय हे दिसत असूनही पाहिलं नाही.

“पहिल्या दिवसाचं,” ती म्हणाली.

“हं,” तात्या म्हणाले, आणि डबा बंद करून घरी गेले.

चारच्या बैठकीत भार्गवीने अर्ध्या पानाचा अहवाल ठेवला. कार्यवाह पेशाने वकील. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ते सगळं ठीक. पण दोष कुणाचा, ते ह्यात स्पष्ट होत नाही. खिडकीवरच्या बाईंचा की यंत्राचा?”

“दोघांचाही नाही. सेटिंग मी बदललं होतं, आणि त्यानंतर खिडकीवर काय झालं ते बघायला मी गेले नाही. तसं लिहून घ्या.”

कार्यवाहांना अशी कबुली ऐकायची सवय नसावी. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. अखेरीस इतिवृत्तात एवढंच लिहिलं गेलं, की बिघाड दूर झाला असून खिडकीवरील नेमणुकीत बदल करण्याचं कारण नाही. काच नवी बसवायचं ठरलं.

बैठक संपल्यावर भार्गवी सरळ खिडकीकडे गेली. रांगेत दोनच माणसं होती. कुंदाताईंनी बटण दाबलं, उत्तर झटकन आलं, आणि त्यांनी सवयीने उचललेला फोन हातातच राहिला. दोघांना वाटेला लावून त्या वळल्या.

“झालं की हो नीट, मॅडम. दुपारपासनं पळायलंय नुसतं.”

“कुंदाताई, मला तुम्हाला एक सांगायचंय.” भार्गवीने पिशवीतून ती तीन पानं काढली. “हा प्रकार तुमच्यामुळे होतोय असं मी लिहिलं होतं. तुम्हाला शिबिराच्या गाडीवर पाठवा असंही लिहिलं होतं. बैठकीत दिलं नाही. पण लिहिलं होतं. माझं चुकलं.”

कुंदाताईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी उजवा गुडघा हाताने थोडा दाबला आणि विचारलं, “वाचून दाखवता?”

हे भार्गवीला अपेक्षित नव्हतं. क्षमा मागितली म्हणजे समोरचा माणूस ‘असू दे’ म्हणतो, अशी तिची कल्पना होती. पण तिने वाचलं. उभ्याने, पहिल्या ओळीपासून शिफारशीपर्यंत, काही न गाळता. ‘संगणकाची सवय असलेली व्यक्ती’ या शब्दांपाशी तिचा आवाज खाली गेला, तरी तिने ते वाचले.

“फोनचं खरं लिहिलंय,” कुंदाताई मग म्हणाल्या. “फोन मी करत होते. माणूस काचेपलीकडं रडायला लागल्यावर मी चक्राकडं बघत बसू का?” मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी जतची एक बाई आली होती. तिच्या लेकीला बॉम्बे गटाचं रक्त पाहिजे होतं. मी तर म्हणलं, हे कुठलं मिळतंय आता. बटण दाबलं आणि क्षणात दाखवलं, तिसऱ्या केंद्रात एक आहे म्हणून. तेवढं दाखवलं आणि त्यानंतरच्या पेशंटापासनं हे असं रखडायला लागलं. बरोबर सव्वासातच्या पुढं. आदल्या शनिवारपर्यंत एकदम नीट होतं.”

भार्गवी त्यांच्याकडे पाहतच राहिली. जो दिवस, जी वेळ आणि जो रक्तगट सर्व्हरच्या पोटातून काढायला तिला आणि तात्यांना दुपारचा तास घालवावा लागला होता, तो ह्या बाईंना बारा दिवसांपासून तोंडपाठ होता.

“तुम्हाला हे सगळं माहीत होतं?”

“माहीत म्हणजे काय, माझ्यासमोरच झालं की.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही आला होता त्या दिवशी माझी वायर काढून स्वतःच्या मशीनला लावली, आणि तुमच्याकडं चालतंय म्हणालात,” कुंदाताई म्हणाल्या. “मला विचारलं कुठं?”

बाहेर नवा माणूस चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला होता. कुंदाताईंनी चिठ्ठी घेतली, अंगठा टेकवला आणि गट निवडला. भार्गवीने भिंतीकडेचं स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी बसली आणि त्या माणसाचं काम होईपर्यंत थांबली. मग तिने वही उघडली आणि विचारलं, “ताई, ह्या प्रोग्रॅममध्ये आणखी काय काय अडतं तुमचं?”

कुंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं, ती खरंच विचारते आहे याची खात्री करून घेतली, आणि पहिलं बोट दुमडलं.